चुंबनाखालची तळटीप

कादंबरी लिहून झाली त्या दिवशी मी ती फ्रीजच्या मागे लपवली.

हसू नका. तुम्ही कधी प्रेमकथा लिहिली नसेल, म्हणून हसू येतंय. प्रेमकथा लिहिणाऱ्या माणसाला पहिल्या प्रकरणापासूनच आपल्या पाठीवर कुणाची तरी नजर असल्यासारखं वाटत राहतं. हा रोग मला आमच्या लेखनवर्गात लागला. आमच्या मेरिदा शहरातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथे पंखा फिरतो पण वारा येत नाही, तिथे दर मंगळवारी आम्ही पाच होतकरू प्रेमकथाकार जमायचो. आमच्या मास्तरांची एक कथा म्हणे टीव्हीवाल्यांनी जशीच्या तशी उचलली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "प्रेम कुणीही करेल, पण तुमचं प्रेम दुसरा कुणी छापणार नाही याची काळजी घ्या." झालं. त्या दिवसापासून वर्गात कुणी काही धड वाचून दाखवेना. एक निवृत्त नर्सबाई होत्या, त्या अशा वाचायच्या: "मग तो तिला म्हणाला, काय म्हणाला ते मी सांगणार नाही, आणि तिने त्याला असं काही उत्तर दिलं की तो जागच्या जागी थिजला." आम्ही विचारायचो, उत्तर काय दिलं? बाई वही मिटून पिशवीत घालायच्या. अशा वातावरणात माझी लेखणी घडली.

माझं चष्म्यांचं दुकान आहे. पेठेतले लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण पांढरा कोट घालून "हे अक्षर दिसतं का, आता दिसतं का" असं विचारणाऱ्याला लोक डॉक्टरच समजतात, आणि मीही ती चूक फार आग्रहाने दुरुस्त करत बसत नाही. तर असा मी, रुबिसेल एस्कालांते, दुपारी गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे बसून आम्पारो आणि लेआंद्रो यांची प्रेमकथा लिहिली. ती बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्याची मुलगी, तो दीपगृह दुरुस्त करणारा तंत्रज्ञ. पुढचं सांगत नाही. सवय गेलेली नाही.

माझी बायको मिर्ना हिने कादंबरीचं एक पानही वाचलं नव्हतं. "मी तुझ्याबरोबर राहते रुबिसेल," ती म्हणायची, "वर वाचायचं पण?" फ्रीजच्या मागे बाड मात्र तिलाच सापडलं, कारण फ्रीज गुरगुरायला लागला.

"हे काय आहे?"

"माझी कादंबरी. सुरक्षित ठेवलीय."

"कुणापासून? झुरळांपासून?"

शेजारी उलिसेसचं औषधांचं दुकान आहे. उलिसेस हा कुठल्याही विषयावर ठाम असतो. औषधाची बाटली वाचायला त्याला चष्मा लागतो, पण जगाचं त्याला सगळं स्वच्छ दिसतं. त्याने मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सोपा उपाय आहे. बाड पाकिटात घाल, सील कर, आणि स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठव. पाकीट आलं की उघडायचं नाही. उद्या कुणी चोरी केली तर न्यायाधीशासमोर फोडायचं. वरचा शिक्का बघून न्यायाधीश गार."

"असं चालतं?"

"माझ्या मेव्हण्याने सांधेदुखीचं मलम असंच सुरक्षित केलं."

मलम पाकिटातून कसं पाठवलं हे मी विचारलं नाही. पोस्टात गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, पाठवणारा कोण? मी म्हटलं, मी. घेणारा कोण? मी म्हटलं, मीच. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या मागच्या रांगेकडे पाहिलं आणि अत्यंत मवाळ स्वरात विचारलं, "घरी कुणी आहे का तुमच्या?"

पाकीट आलं तेव्हा मी दुकानात होतो. मिर्नाला वाटलं तिने मागवलेलं मिक्सरचं पातं आलं. तिने कात्रीने सील कापलं, आत डोकावली, आणि मला फोन केला. "पातं नाहीये. तुझंच ते. स्वतःला पत्रं कधीपासून लिहायला लागलास?"

पुरावा गेला. न्यायाधीश गार व्हायच्या आधी मीच गार झालो.

मग मात्र मी ठरवलं, आता रीतसर. लेखनाच्या हक्कांची नोंद करायचं सरकारी कार्यालय आमच्याकडे आहे. मी गुआयाबेरा सदऱ्याला कडक इस्त्री करून घेतली (सरकारदरबारी साध्या टी-शर्टात गेलं की तुम्हाला नळदुरुस्तीवाला समजतात) आणि बाड घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो. खिडकीतल्या बाई तरुण होत्या, चष्मा चुकीच्या नंबरचा होता, हे मी पाहिल्या पाहिल्या ओळखलं पण बोललो नाही. त्यांनी पानं मोजायला घेतली आणि मोजता मोजता वाचायला लागल्या. माझ्या मागे रांग वाढत होती. बाई ओठ हलवत वाचत होत्या. एका ठिकाणी त्यांनी "अगंबाई" म्हटलं. माझी छाती फुगली.

मग त्या थांबल्या. "दहाव्या प्रकरणानंतर एकदम बारावं आलं."

"हो."

"अकरावं कुठे आहे?"

"घरी. सुरक्षित." मी आवाज हळू केला. "तेच तर मुख्य आहे. सगळं एकत्र ठेवलं तर चोराच्या हाती आयतं लागेल, म्हणून ते वेगळं."

बाईंनी चष्मा काढला. "साहेब, नोंद करायला आला आहात ना? न दाखवलेल्या प्रकरणाची नोंद कशी करू? आणि," इथे त्या जरा पुढे झुकल्या, "तो तिला पळवून नेतो का नाही?"

रांगेतला एक माणूस ओरडला, "नेतो, नेतो! आता आम्हाला पुढे जाऊ द्या!"

मी घरी जाऊन शिवणयंत्राच्या खणातून अकरावं प्रकरण काढून आणलं. शेवटी एकदाची शिक्का मारलेली प्रत हातात पडली. त्या दिवशी मी मिर्नाला पानूचोस खायला बाहेर नेलं आणि जेवताना सांगितलं, "आता जगातला कुठलाही चोर माझ्या एका शब्दाला हात लावू शकत नाही." ती कांदा बाजूला काढत म्हणाली, "लावायचा होता कुणाला?"

पण लावायचा होता. निदान छापायचा होता. ग्रीसेल नावाच्या एका बाई आमच्याच शहरात छोटी प्रकाशनसंस्था चालवतात. शिकल्या कायदा, पडल्या पुस्तकांत. त्यांनी बाड वाचून मला बोलावलं. त्यांच्या खोलीत सगळीकडे पुस्तकांचे गठ्ठे, आणि एका गठ्ठ्यावर मांजर. मला एका दुसऱ्या गठ्ठ्यावर बसवलं.

"कादंबरी छापू," त्या म्हणाल्या.

मला उठून मांजराला मिठी मारावीशी वाटली.

"पण हे अकरावं प्रकरण. लेआंद्रो खिडकीखाली उभा राहून गातो. हे गाणं कुणाचं?"

"आन्सेल्मो पेनिचेंचं. 'जागी राहा, मर्सेदेस.' कोण ओळखत नाही? माझ्या वडिलांनी माझ्या आईच्या खिडकीखाली हेच म्हटलं होतं."

गाणं खरंच सगळ्यांना पाठ आहे.

*जागी राहा, मर्सेदेस, दिवा विझवू नकोस,*
*सारं गाव निजलं तरी तू निजू नकोस.*

"सुंदर आहे," ग्रीसेलबाई म्हणाल्या. "परवानगी घेतलीत?"

"कुणाची?"

"पेनिचे गेले त्याला एवढी काही वर्षं झाली नाहीत. हक्क वारसांकडे असणार. दोन ओळी असल्या तरी त्या गाण्याचा प्राण आहेत, आणि तुम्ही त्यावर एक सबंध प्रकरण उभं केलंय. परवानगीशिवाय मी छापणार नाही, डॉक्टर. तुमच्या भाषेत सांगायचं तर," त्या हसल्या, "चोर सापडलाय. तुमच्याच पुस्तकात आहे."

इतके महिने मी दारंखिडक्या लावून चोराची वाट पाहत होतो. आणि शिक्का मारलेली, सरकारने मान्य केलेली चोरी मी स्वतः अकराव्या प्रकरणात, शिवणयंत्राच्या खणात, सांभाळून ठेवली होती. घरी येताना मला रस्त्यातला प्रत्येक पोलीस ओळखीने बघतोय असं वाटलं.

उलिसेस म्हणाला, "त्यात काय! चार शब्द बदल, की गाणं तुझं. 'उठून बस, मर्सेदेस, दिवा मालवू नकोस.'"

"उठून बस? आजारी आहे का ती?"

"मग मर्सेदेसचं दुसरं काही कर."

तरीही मी सरळ मार्गाने जायचं ठरवलं. पेनिचेंच्या मुलीचा पत्ता शोधला. दोन्या (म्हणजे बाईसाहेब) एल्सी पेनिचे या सत्तरीकडे झुकलेल्या, ताठ कण्याच्या, बैठकीच्या खोलीत वडिलांचा भलामोठा फोटो आणि त्याखाली फुलं. मला तांदळाचं थंड होर्चाता सरबत दिलं, माझं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "परवानगी देईन. पैसे नकोत. फक्त एक तळटीप घाला."

"अवश्य! कुठे?"

"जिथे तो गाणं म्हणतो, तिथेच खाली. 'हे गीत कवीने आपली कायदेशीर पत्नी डेल्फिना हिच्यासाठी रचले.' कायदेशीर हा शब्द राहू देऊ नका, म्हणजे, गाळू देऊ नका."

"दोन्या एल्सी, त्याच पानावर ते दोघं एकमेकांचं... पहिलं चुंबन आहे त्या पानावर. खाली तळटीप..."

"मग काय झालं? चुंबन वर, आई खाली."

मी नम्रपणे विचारलं, "पण गाणं मर्सेदेसवर आहे."

"डेल्फिना चालीत बसत नव्हतं," त्या म्हणाल्या. हा विषय संपला असा आवाज होता तो.

मी उठलो. दारापर्यंत येऊन त्या म्हणाल्या, "आणि तिकडे जाऊ नका. टायरवाल्याकडे."

टायरवाला म्हणजे विल्बर्थ पेनिचे. आन्सेल्मो पेनिचे यांचा दुसऱ्या घरातला मुलगा. दुसरं घर हे सगळ्या मेरिदाला माहीत होतं, फक्त एल्सीबाईंच्या बैठकीच्या खोलीला माहीत नव्हतं. ग्रीसेलबाईंनी कागद तपासले तर वारसहक्कात दोघांचीही सही लागणार होती. म्हणजे तिकडे जाणं भाग होतं.

विल्बर्थचं पंक्चर काढायचं दुकान विमानतळाच्या रस्त्यावर. मोठ्या हातांचा, काळवंडलेल्या नखांचा, आवाजाने मृदू माणूस. टायरांच्या ढिगाऱ्यामागे भिंतीला गिटार टांगलेली. मी आत शिरलो तो या उत्साहात की हा साधा माणूस, हा मान डोलावून सही करेल.

"बाबांचं गाणं पुस्तकात! वा, वा, डॉक्टर! बसा." टायरवर बसवलं. "सही देतो. एकच करा. खाली बारीक अक्षरात लिहा, की हे गाणं त्यांनी माझ्या आईसाठी केलं. रोसाउरासाठी. तिने हयातभर कुणापुढे एक शब्द काढला नाही हो. आता तरी छापून येऊ दे."

"पण गाणं मर्सेदेसवर..."

"रोसाउरा चालीत बसेना."

परतताना गाडीत मी एकटाच होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा हळूच गाऊन पाहिलं. 'जागी राहा, डेल्फिना.' बसतं. 'जागी राहा, रोसाउरा.' तेही मजेत बसतं. शेजारच्या बसमधल्या प्रवाशांनी खिडक्या बंद केल्या. मर्सेदेस नक्की कोण होती, हे दोन्ही घरांत विचारायची माझी छाती नव्हती. आणि अजूनही नाही.

मग सुरू झाल्या माझ्या खेपा. एल्सीबाईंना म्हटलं, "'कवीच्या प्रेरणेसाठी' असं मोघम लिहू या." त्या म्हणाल्या, "मोघमपणातूनच तर ते दुसरं घर झालं." विल्बर्थला म्हटलं, दोघींची नावं घालू. तो डोळे पुसून म्हणाला, "माझी आई जन्मभर दुसरी होती, डॉक्टर. तळटिपेत पण दुसरी?" मी म्हटलं, पहिली घालतो. मग एल्सीबाईंकडे पुन्हा गेलो तर त्यांनी होर्चाताचंसुद्धा विचारलं नाही. ग्रीसेलबाई फोन करून सांगायच्या, "डॉक्टर, छापखाना थांबलाय." गिऱ्हाइकांना मी चुकीचे नंबर द्यायला लागलो. एका बाईंना मी जवळचा चष्मा लांबचा म्हणून दिला आणि त्या बसऐवजी पाण्याच्या टँकरला हात करत उभ्या राहिल्या. त्या आठवड्यात लेखनवर्गात जाणंही मी सोडलं. माझ्या डोळ्यांसमोर डेल्फिना आणि रोसाउरा, दोन गंभीर म्हाताऱ्या, दोघींची एकच चाल, आणि मधे चुंबन अडकलेलं.

एका दुपारी दुकान बंद करून घरी आलो. ऊन असं की झाडंही दमलेली. जेवलो नाही, हॅमॉकमध्ये पडलो, डोळे मिटून घेतले. मिर्ना आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात जात होती, परत येत होती. चपला तिच्या नेहमी जरा सैल असतात. कपाटापाशी थांबली. मागच्या दाराकडे गेली. पाणी भरलं. मी न पाहता पाहत होतो, ती कुठे आहे, काय करतेय. मग मी उठलो आणि औषधाच्या पावतीच्या मागे लिहिलं:

*तू दार उघडू नकोस, नुसती आत चालत राहा,*
*तुझ्या पावलांवरून मला घर कळत जाईल.*

मी परत वाचलं. वाईट नव्हतं. मी कधी कविता केलेली नाही, त्यामुळे चांगलं आहे की नाही हे मला कळेना. पण निदान माझं होतं. ना डेल्फिनाचं, ना रोसाउराचं. 

दुसऱ्याच दिवशी मी दोन्ही वारसांना माझ्या दुकानात बोलावलं. का बोलावलं? कारण मला त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं. इतके दिवस त्यांनी माझी जी फरफट केली होती, त्याचं काहीतरी उट्टं निघायला हवं होतं. माणसाच्या इभ्रतीला एवढी तरी मुभा असावी.

ते दोघं वडिलांच्या अंत्यविधीनंतर प्रथमच एका छताखाली आले. एल्सीबाई चष्म्यांच्या चौकटींच्या कपाटापाशी बसल्या, विल्बर्थ नंबर तपासायच्या खुर्चीत. मधे अक्षरांचा तक्ता. दोघंही त्या तक्त्याकडेच बघत होते.

"तुम्हा दोघांचेही आभार," मी म्हणालो. "आता तळटिपेची गरज नाही. तुमच्या वडिलांचं गाणं मी काढून टाकलंय. माझ्या स्वतःच्या ओळी घातल्यात."

"काढलं?" एल्सीबाई म्हणाल्या.

"बाबांचं गाणं?" विल्बर्थ म्हणाला.

"आणि त्याच्या जागी काय घातलंत? ऐकवा तरी!" एल्सीबाईंनी फर्मावलं.

मी पावती काढली आणि ओळी वाचल्या. बाहेर एक भाजीवाला ओरडत गेला.

मग एल्सीबाई कडाडल्या. "हे? याच्यासाठी? आन्सेल्मो पेनिचेंना बाहेर काढून हे आत घेतलंत?"

"ताई बरोबर बोलतायत," विल्बर्थ म्हणाला. ताई! आयुष्यात प्रथम म्हणाला असेल. "याला यमक कुठाय? बाबांनी यमकाशिवाय एक ओळ लिहिली नाही."

"त्यांनी तर किराण्याची यादीसुद्धा यमकात लिहिली असती," एल्सीबाई.

"लिहायचेच! आमच्याकडे यायचे तेव्हा लिहायचे!"

एल्सीबाईंनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. दोघं मिळून मला बोलत होते. एवढी एकी मी माझ्या सख्ख्या भावंडांत पाहिलेली नाही. अपमान माझा, आणि समेट त्यांचा.

जाताना विल्बर्थ दारात थांबला. "पुन्हा एकदा वाचा बरं."

मी रागात वाचलं. तो पुटपुटत निघून गेला. मला वाटलं, चेष्टा करतोय.

एकदाची कादंबरी छापायला गेली. मग कागद महागला म्हणून रखडली, मग मुखपृष्ठावरचं दीपगृह उलटं छापलं म्हणून पुन्हा रखडली. शेवटी आली. मी दुकानात चौकटींच्या शेजारी प्रती मांडल्या. उलिसेसने एक घेतली आणि औषधाच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्यांजवळ ठेवली, म्हणाला, "ज्यांना झोप येत नाही ते बघतील." मिर्नाने तिची प्रत कपाटाच्या वर ठेवली, धूळ बसू नये म्हणून पिशवीत घालून.

त्यानंतरच्या एका गुरुवारी संध्याकाळी मिर्ना म्हणाली, "चल सांता लुसिया चौकात. गाणी ऐकू. तू हल्ली सारखा काहीतरी गमावल्यासारखा दिसतोस." चौकातल्या खुर्च्या भरलेल्या. आम्हाला कमानीपाशी जागा मिळाली. मी मार्केसिताची कुरकुरीत सुरळी खात होतो, चीज बाहेर सांडत होतं. तीन गायक उभे राहिले. निवेदक म्हणाला, "आणि आता एक आनंदाची बातमी. थोर आन्सेल्मो पेनिचे यांच्या कुटुंबाला जुन्या पेटीत त्यांचं एक अप्रकाशित गीत मिळालं आहे. त्यांच्या दोन्ही मुलांनी ते रीतसर नोंदवून आज प्रथमच रसिकांसमोर आणलं आहे."

गिटार वाजली. चाल फार सुरेख होती. आणि गायक म्हणाला:

*तू दार उघडू नकोस, नुसती आत चालत राहा...*

मार्केसिता माझ्या गुडघ्यावर पडली.

मी उठायला लागलो, पण मिर्नाने माझा हात धरून मला खाली बसवलं. तिचे डोळे भरले होते. समोरच्या बाई रुमाल शोधत होत्या. ओळ परत आली, तुझ्या पावलांवरून मला घर कळत जाईल, आणि मिर्ना माझ्या कानाशी म्हणाली, "बघ. असं लिहायला हवं. तू का नाही असं काही लिहीत?"

"मीच लिहिलंय!"

"हळू बोल, लोक बघतायत."

"मिर्ना, हे मीच लिहिलंय!"

"हो, आणि दीपगृहही तूच बांधलंस. ऐकू दे."

टाळ्या संपायच्या आत मी पुढच्या रांगेकडे धावलो. तिथे एल्सीबाई आणि विल्बर्थ शेजारी शेजारी बसले होते, एकाच पंख्याने वारा घेत. मला पाहून एल्सीबाई अत्यंत प्रेमाने म्हणाल्या, "या डॉक्टर! तुमच्या पुस्तकातही बाबांच्या याच ओळी आहेत असं कळलं. आमची हरकत नाही. दुसऱ्या आवृत्तीत फक्त एक तळटीप घाला. आता आमचं एकमत झालंय. दोघींची नावं, वर्णानुक्रमाने."

मी उघडं तोंड घेऊन ग्रीसेलबाईंना तिथूनच फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही नोंदवलेली प्रत आहे ना? तिच्यात कुठल्या ओळी आहेत?"

मी गुडघ्यावरचं चीज पुसायला लागलो.

"पेनिचेंच्याच, जुन्या गाण्याच्या ना? पुस्तक रखडलं तेवढ्यात यांनी नोंद उरकली असणार."

मी फोन बंद केला. विल्बर्थ माझ्या मागोमाग कमानीपर्यंत आला होता. हातातली टोपी चुरगाळत होता. "डॉक्टर, तुमचं खरंय. ओळी तुमच्या आहेत. चाल माझी आहे. पंचवीसेक चाली केल्यात मी त्या टायरांमागे. माझ्या नावाने कुणी एक ऐकली नाही. तुमच्या नावाने कोण ऐकणार होतं? बाबांच्या नावाने आज सगळा चौक रडला." त्याने विचारलं, "तक्रार करणार?"

मला इतका राग आला होता की मी त्याला कॉलर धरून हलवलं असतं, पण त्याचा चेहरा पाहिला आणि हात उचलेना. ते गाणं खरं तर त्या चौकातल्या आम्हा दोनच माणसांचं होतं, आणि दोघांपैकी एकालाही टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

"पुढची चाल बसवशील तेव्हा," मी म्हणालो, "आधी माझ्याकडे ये. आणि डोळे तपासून घे. तू शब्द वाचताना डोळे बारीक करतोस."

घरी आल्यावर मी कपाटाच्या वरून पिशवी काढली, पुस्तक काढलं, अकरावं प्रकरण उघडलं आणि मिर्नाच्या हातात दिलं. तिने वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि खाली आपल्या सैल चपलांकडे पाहिलं. ती तशीच हॅमॉकमध्ये जाऊन आडवी झाली, पुस्तक मिटलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

मी स्वयंपाकघरात उभा राहिलो. पान उलटल्याचा आवाज येत होता. एकदा ती हसली. एकदा "अरेच्चा" म्हणाली. इतक्या खटाटोपात पहिल्यांदाच माझ्या मनाला जरा बरं वाटलं.

मग आतून हाक आली.

"रुबिसेल!"

"काय गं?"

"पान चौदा. आम्पारोची मावशी म्हणते, 'हा माणूस जेवताना तरी गप्प बसतो का?' हे माझ्या आईचं वाक्य आहे. तुझ्याबद्दलचंच, आपल्या साखरपुड्याच्या दिवशीचं." हॅमॉकची दोरी करकरली, ती उठून बसली असावी. "तिला विचारलंयस का?"